डेपोवरची पांढरी कोंबडी

"साहेब, ती पांढरी कोंबडी कुणाची सुटलीय तिकडं? कुत्री फाडतील की तिला."

ट्रॅक्टरवाला नवीन होता. ट्रॉली काट्यावर लावून पावतीसाठी खिडकीशी उभा. मी मान बाहेर काढून पाहिलं. कोंबडी कसली, आपलं नेहमीचं पाखरू. ओल्या कचऱ्याच्या उतारावरून, कुत्र्यांवर एक डोळा ठेवून, डुलत डुलत चाललेलं. "गिधाड आहे ते," मी म्हटलं. वजनात काटा मारला की लोक बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "गिधाड एवढं असतं, आणि काळं असतं," दोन्ही हात पसरून त्याने मला दाखवलं आणि पावती खिशात घालून गेला.

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या डेपोवर हे पाखरू वर्षानुवर्षं येतंय आणि कुणीच त्याला गिधाड म्हणत नाही. घंटागाडीवरची पोरं 'पांढरी घार' म्हणतात. भंगार वेचणाऱ्या मावशी 'कोंबडी'च म्हणतात. आमचे मुकादम अण्णा त्याला बगळा म्हणतात, पण अण्णांच्या लेखी पांढरं ते सगळं बगळाच. पुस्तकातलं नाव पांढरं गिधाड, किंवा इजिप्शियन गिधाड. गंमत म्हणजे इजिप्तमध्ये गेलेल्या युरोपी प्रवाशांनीही त्याचं नाव 'फेरोची कोंबडी' ठेवलं होतं. मावशी एकट्या नाहीत.

मी नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर काट्याचा लिपिक आहे. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा, तालुक्याचं गाव. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती. सकाळच्या फेऱ्या संपल्या की दुपारच्या गाड्या येईपर्यंत बराच वेळ मिळतो. त्या वेळात सहकारी मोबाइल बघतात, मी खिडकीतून ढीग बघतो. "वास नाही का येत?" असं लोक विचारतात. पहिले काही दिवस येतो, मग नाक मरतं. डोळे मात्र राहतात.

आणि बघायला खूप असतं. पोकलेन कचरा उलथायला लागलं की गायबगळे त्याच्या पट्ट्याशी येऊन उभे राहतात. त्यांना कचरा नको, कचऱ्यातले किडे हवेत. घारी वर फिरतात आणि उचलता येईल ते झेप घेऊन उचलतात, खाली बसत नाहीत. कावळे सगळीकडे असतात. कुत्री सगळ्यांच्या वर. पांढरी गिधाडं या रांगेत शेवटी. सकाळी उन्हं चांगली तापली की डेपोमागच्या डोंगराच्या कड्यावरून निघतात, पंख न हलवता एक मोठा फेरा घेतात आणि ढिगापासून लांब, मोकळ्या जागेत उतरतात. पुढचं अंतर पायी.

हे पायी चालणं बघण्यासारखं असतं. मोठी गिधाडं जमिनीवर उड्या मारत, पंख अर्धे उघडे टाकत येतात. हे सरळ चालतं. पाऊल उंच उचलतं, मान पुढेमागे, प्रत्येक पिशवीपाशी थांबतं. आकार घारीएवढा, वजन दोन किलोच्या आसपास. आपल्याकडची पांढऱ्या पाठीची किंवा लांब चोचीची गिधाडं याच्या दुपटी-तिपटीने भरतात. अंग पांढरं, पण धुतलेलं पांढरं नाही, मळकट. उडताना पंखांची मागची काळी कड आणि टोकाकडे निमुळती शेपटी दिसली की दुसरं काही असू शकत नाही. तोंड बिनपिसांचं आणि हळदी रंगाचं. मानेवर विस्कटलेल्या पिसांची आयाळ, वाऱ्यात उभी राहते. पिल्लं मात्र काळपट तपकिरी असतात आणि पांढरी व्हायला त्यांना चार-पाच वर्षं लागतात, म्हणून आमची पोरं त्यांना वेगळंच पाखरू समजतात.

सगळ्यात बघण्यासारखी चोच. लांब, बारीक, टोकाला खाली वळलेली. एकदा मटणाच्या दुकानांचा माल येऊन पडला होता. बोकडाची खुरं, गुडघ्यापासून तोडलेले पाय, कातड्याच्या पट्ट्या. कुत्र्यांनी आतडी आधीच नेली होती. एका गिधाडाने एक पाय बाजूला ओढला, त्यावर स्वतःचा पाय रोवला आणि खुराच्या वरच्या बेचक्यात चोचीचं टोक घातलं. कावळ्याने तिथे टोचून टोचून नाद सोडला असता. याने टोक आत सरकवलं, मान किंचित वळवली आणि पांढरा स्नायुबंध दोऱ्यासारखा लांबलचक बाहेर काढला. गिळला. मग पाय उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने तेच. मी सोळा टनांची गाडी काट्यावर उभी ठेवून हे बघत होतो. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो.

हाच त्याचा धंदा. मेलेली म्हैस फाडायची ताकद त्याच्यात नाही. मोठी गिधाडं कातडं फाडतात, पोटात डोकी घालतात, भांडतात. हे बाजूला उभं राहतं आणि त्यांचं उरकलं की बरगड्यांमधलं, सांध्यांमधलं, डोळ्याच्या खोबणीतलं वेचतं. मोठ्या जनावरावर अवलंबून नसल्यामुळे त्याला काहीही चालतं. मेलेला उंदीर, बेडूक, किडे, सडलेली फळं, कोंबडीची पिसं, अंडी.

अंड्यांवरून सांगतो. आमच्या भागात पोल्ट्र्या भरपूर, न उबलेली अंडी कधीकधी डेपोवर येतात. गिधाड अख्खं अंडं चोचीत उचलतं, मान वर करतं आणि जमिनीवर आपटतं. फुटलं नाही तर पुन्हा. कोंबडीचं अंडं उचलता येतं, शहामृगाचं येत नाही. म्हणून आफ्रिकेत हेच पाखरू उलटं करतं. दगड चोचीत घेऊन येतं आणि अंड्यावर मारतं. टांझानियात जेन गुडाल आणि त्यांचे पती ह्यूगो व्हॅन लाविक यांनी हे पाहून 1966 साली प्रसिद्ध केलं, तेव्हा पक्षी हत्यार वापरतात यावर बराच गाजावाजा झाला. पुढे असं दिसलं की माणसांनी वाढवलेली, दुसऱ्या गिधाडाला कधी न बघितलेली पिल्लंही दगड उचलतात, आणि निवड करायला दिली तर गोल गुळगुळीत, अंड्यासारखेच दगड पसंत करतात. म्हणजे 'आपटायचं' हे रक्तातच आहे, अंडं उचलेना तर अंड्यासारखं दुसरं काहीतरी.

आता जरा घाण विषय. पण मी डेपोवरचा माणूस, मला सवलत द्या.

त्याच्या तोंडाचा तो पिवळा रंग शेणातून येतो. अंगात हा पिवळा रंग तयार करणं पक्ष्यांना जमत नाही, तो खाण्यातूनच मिळवावा लागतो. मांसात तो नसल्यात जमा. चरणाऱ्या जनावरांच्या शेणात असतो, कारण तो मुळात हिरव्या पाल्यातला. स्पेनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये हे दाखवून दिलं की पांढरी गिधाडं गाई-मेंढ्यांचं शेण खातात ते पोट भरायला नव्हे. शेणात पोषण जवळजवळ काहीच नाही, जंतांचा धोका वर. तरी खातात, कारण तोंड जितकं पिवळं तितकं पाखरू दमदार, असा हिशेब त्यांच्यात चालत असावा. इतकं जोखमीचं शेण पचवूनही मी ठणठणीत आहे, हे तोंडावरच लिहिलेलं. कॅनरी बेटांवरची हीच गिधाडं तांबड्या मातीच्या पाण्यात डोकं आणि छाती बुडवून रंगवून घेतात. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. आमच्याकडच्यांना मुद्दाम रंगवावं लागत नाही, डेपोचा धुरळा पुरतो.

जुन्या माणसांना विचारलं तर त्यांनी हे पाखरू हागणदारीत बघितलेलं असतं. गावाच्या कडेला, उकिरड्यावर, सकाळी लोक बसून गेले की मागून साफसफाईला. शंभर वर्षांपूर्वीची पक्ष्यांची पुस्तकं काढली तरी तेच लिहिलेलं. 2000 नंतर गाडगेबाबांच्या नावाचं स्वच्छता अभियान आलं, घरोघर संडास झाले, ती जागा गेली. गेली ते चांगलंच झालं. पण गावाजवळ राहणारं एक गिधाड गावातून उठून तालुक्याच्या डेपोवर येण्यामागे तेही एक कारण असावं, असं मला आपलं वाटतं.

या पाखराच्या भारतीय जातीच्या नावाची एक गोष्ट आहे, ती मराठी माणसाने ऐकायलाच हवी. लिनिअसने 1758 मध्ये इजिप्तकडच्या पाखराला शास्त्रीय नाव दिलं. भारतातलं पाखरू थोडं लहान, आणि त्याची चोच टोकापर्यंत फिकट पिवळी. तिकडच्याचं चोचीचं टोक काळपट. आपल्याकडच्या या पाखराचं वर्णन पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाने 1782 च्या प्रवासवर्णनात केलं, त्याने ते पाहिलं दक्षिणेत, जिंजीला. म्हणून 1790 साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षी अभ्यासकाने नाव दिलं 'जिंजिनियानस'. जिंजीचं. आपली जिंजी. शिवाजी महाराजांनी 1677 च्या दक्षिण स्वारीत घेतलेली, आणि 1689 ला राजाराम महाराज रायगड सोडून ज्या किल्ल्यावर जाऊन बसले ती. मोगलांच्या झुल्फिकारखानाने 1698 पर्यंत तिला वेढा घातला. त्या तीन डोंगरांच्या प्रचंड शिळांवर बसलेली पांढरी पाखरं वेढ्यात अडकलेल्या मावळ्यांनी रोज बघितली असणार. इतकी मोठी छावणी, घोडे, बैल, उंट मरतायत. पाखरांना सुगी. बखरीत कुणी हे लिहीत नाही, लिहिण्यासारखं त्यांना वाटलंही नसेल, पण मला जिंजी म्हटलं की तेच दिसतं.

नाशिककरांना सांगायची गरज नाही की आपल्या जिल्ह्यात जटायू आहे. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद. सीतेला सोडवायला रावणाशी झुंजलेला जटायू तिथे पडला आणि रामाने त्याला पाणी पाजलं, अशी श्रद्धा. म्हणजे जिल्ह्यात एक गिधाड देवाच्या मांडीवर मेलेलं आहे. त्याच जिल्ह्यात घराच्या आढ्यावर गिधाड बसलं तर जुनी माणसं भटजी बोलावून शांत करायची. वर्तमानपत्रात पुढाऱ्यांना, सावकारांना, हुंड्यासाठी सून छळणाऱ्यांना सगळ्यांना 'गिधाडं' म्हणतात. गिधाडं तुटून पडली, लचके तोडले. यातल्या कुठल्याही माणसाने मेलेलं जनावर साफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात तेही माणसालाच, आणि ते बरोबर आहे. गिधाडाला लोणी आवडत नाही.

माझ्या आजीसाठी गिधाड ना देव होतं ना शिवी. तिच्यासाठी ते स्पर्धक होतं.

आमच्या घराण्याकडे गावकीची कामं होती. त्यात मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर टाकायचं काम. कुणाच्या गोठ्यात काय मेलंय ते आधी आभाळाकडे बघून कळायचं, असं आजी सांगायची. गिधाडं एका जागेवर घिरट्या घालायला लागली की वाड्यातली माणसं सुरे घेऊन निघायची, कारण पाखरं पोचली की थोड्याच वेळात सांगाडा उरायचा. कातडं मालकाचं, हाडं कुणाची, मांस आमचं, असे नियम. "पांढरी बारकी शेवटाला यायची," ती म्हणायची, "आमच्या पोरांसारखी." हे सांगताना ती हसायची. मला हसू यायचं नाही. 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. आमच्या गावात ते पोचायला आणि टिकायला वेळ लागला. आजीच्या सासऱ्यांच्या काळात पंचांनी ढोर ओढणं बंद केलं, गावाने पाणी तोडलं, काही दिवस हाल झाले. पण सुटलं ते सुटलं. घरात बाबासाहेबांचा फोटो त्याच वर्षी लागला, असं ती सांगायची.

त्यामुळे मी डेपोवर नोकरीला लागलो तेव्हा घरात थोडी धुसफूस झाली. पोरगं शिकलं, आणि पुन्हा गावाच्या घाणीतच गेलं का? मी म्हटलं, मी घाण उचलत नाही, तिचं वजन करतो. आजीला हे पटलं होतं. बाकीच्यांना फारसं नाही.

आता दुसऱ्या घरातली गोष्ट. नगरपरिषदेतून फार पूर्वी निवृत्त झालेले आमचे एक हेडक्लार्क काका आहेत. दरवर्षी दिवाळीला मी त्यांना भेटायला जातो. त्यांच्या बैठकीत, विठ्ठल-रुक्मिणीच्या तसबिरीशेजारी, एक काळापांढरा फोटो फ्रेम करून लावलाय. खडकावर बसलेला उघड्या अंगाचा पुजारी, पुढे पितळेचं भांडं, आणि त्याच्या हातातून खाणारे दोन पक्षी. त्यांच्या आई-वडिलांनी रामेश्वराची यात्रा केली तेव्हा आणलेला. खाली लिहिलंय 'पक्षीतीर्थ'.

दक्षिणयात्रा केलेल्या जुन्या लोकांना हे नाव माहीत असतं. तमिळनाडूत चेंगलपट्टूजवळ तिरुकळुकुंड्रम, वेदगिरीश्वराचा डोंगर. पाचशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की वर खडकाचा एक सपाट भाग. तिथे रोज दुपारच्या आधी दोन पांढरे पक्षी यायचे आणि पुजारी त्यांना भात, तूप, साखरेचा प्रसाद भरवायचा. शंकराच्या शापाने पक्षी झालेले आठ ऋषी, प्रत्येक युगात दोन मुक्त होतात, कलियुगातली ही जोडी पूषा आणि विधाता, अशी कथा. सकाळी एका तीर्थावर स्नान, दुपारी इथे प्रसाद, रात्री दुसऱ्या तीर्थावर मुक्काम. कुठलं तीर्थ आधी आणि कुठलं नंतर ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. एखाद्या दिवशी पक्षी आले नाहीत, तर जमलेल्या यात्रेकरूंमध्ये कुणीतरी पापी आहे असं समजायचं. किती सोयीचं! शेकडो माणसं घाम पुसत एकमेकांकडे संशयाने बघतायत, असं चित्र माझ्या डोळ्यापुढे येतं.

ते पक्षी पांढरी गिधाडं. जिंजीपासून शंभर-एक किलोमीटरवर, म्हणजे त्याच भागातली, तीच जात. शतकानुशतकं ही जोडी येत राहिली. एक गेली की तिच्या जागी दुसरी, प्रसादाची वेळ आणि जागा ठरलेली. या पाखरांचं आयुष्य बरंच असतं, पाळलेली तीस वर्षांच्या वरही जगली आहेत, त्यामुळे एकच यात्रेकरू तरुणपणी आणि म्हातारपणी आला तर त्याला तेच ऋषी दिसणं अगदी शक्य होतं. मांस आणि शेण खाणाऱ्या पाखराला साखरभात चालेल का, असं वाटतं. पण चालतो. त्याला काय चालत नाही ते सांगा.

एका दिवाळीला मी काकांना म्हटलं, "काका, हे पक्षी आपल्या डेपोवर आहेत. हेच. या, दाखवतो."

काकांनी चकलीचा तुकडा बशीत ठेवला. "ते ऋषी होते रे," ते म्हणाले.

"हो, पण जात हीच. ही चोच बघा, हे तोंड."

"ऋषी कचऱ्यावर कशाला येतील?"

मी जास्त ताणलं नाही. वयाचा मान असतो, शिवाय चकल्या चांगल्या होत्या. पण घरी येताना मनात आलं, की काकांच्या आईने त्या दोन पक्ष्यांना हात जोडले त्याच सुमारास माझी आजी त्याच जातीच्या पाखरांच्या आठवणी सांगत होती. पक्ष्याने दोन्हीकडे आपलं नेहमीचंच काम केलं, समोर आलेलं खाल्लं. पुढ्यात तूपसाखर टाकणारा कोण आणि ढोर ओढून टाकणारा कोण, यावर त्याचा ऋषी किंवा अपशकुन झाला.

इजिप्तवाल्यांनी तर त्याला अक्षर केलं. त्यांच्या चित्रलिपीत या पाखराचं उभं चित्र म्हणजे वर्णमालेतला पहिला ध्वनी समजतात. देवळांच्या भिंतींवर दगडात कोरलेलं, तीच बारीक चोच, तीच विस्कटलेली मान. नेखबेत देवीचं गिधाड वेगळं, मोठ्या जातीचं, तिची शान वेगळी. पण रोज लिहायला उपयोगी पडलं ते आपलं.

पक्षीतीर्थावर 1990 च्या दशकाच्या शेवटाला पक्षी यायचे थांबले. पापी लोक वाढले म्हणून, असं काका म्हणतात. एका अर्थी तेही खोटं नाही. तोच काळ भारतभर गिधाडं मरण्याचा होता. जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक टोचायचे, ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडून ती काही दिवसांत मरायची. कारण सापडलं 2004 मध्ये, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. भारतात जनावरांसाठी ते औषध 2006 मध्ये बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटलीवर 3 मिलिलीटरची मर्यादा आली. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन बंद व्हायला 2023 उजाडलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, ते सगळीकडे मिळतंही. तुमच्या घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना एवढंच विचारा की बाटलीवर काय लिहिलंय.

पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक उरली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि ते योग्यच होतं. पांढरं गिधाडही त्याच काळात भारतात सुमारे 80 टक्के घटल्याचं नंतर लक्षात आलं, आणि 2007 मध्ये ते जगाच्या धोक्यातल्या यादीत गेलं. हे एवढं तरी टिकलं ते बहुधा त्याच्या चवीढवी नसण्यामुळे. अख्ख्या म्हशीवर पोट भरणारं पाखरू एका जेवणात विषाचा पूर्ण डोस खातं, उंदीर-अंडी-आतडी वेचणाऱ्याच्या वाट्याला तो कमी येतो. आमच्या डेपोवर मेलेली जनावरं खड्ड्यात पुरतात, वर चुना-मीठ टाकतात. ढिगावर येतं ते दुकानांचं, कापलेल्या बोकडाचं आणि कोंबडीचं. आजारी जनावराला टोचलेलं औषध त्यात सहसा नसतं. नियम करताना कुणाच्याही डोक्यात गिधाड नव्हतं, पण फायदा त्याला झाला.

गिधाडं गेल्यावर ढोरं कुत्र्यांनी खाल्ली, कुत्री वाढली, पिसाळलेली वाढली, पाणी नासलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला की 2000 ते 2005 या काळात भारतात त्यापायी सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. आमच्या काट्याशी कुत्री चावलेल्या माणसांना लस द्यायला दवाखान्यात नेणारा मीच असतो, त्यामुळे मला या आकड्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

बाहेरदेशी त्याचे हाल वेगळे आहेत. सुदानच्या बंदराकडे 1950 च्या दशकात टाकलेल्या एका वीजवाहिनीने हिवाळी मुक्कामाला येणारी पांढरी गिधाडं वर्षानुवर्षं शॉक देऊन मारली. ती उतरवली 2014 मध्ये. बाल्कनमध्ये मोठी पाखरं इतकी कमी झाली, की पहिल्यांदा दक्षिणेला निघालेल्या पिल्लांना वाट दाखवायला कुणी नसतं. काही सरळ समुद्रावरून जायला बघतात आणि बुडतात. आपल्याकडची ही जात लांबचे प्रवास करत नाही. डोंगराचा कडा, डेपो, पुन्हा कडा.

कड्यावरचं घरटं मी दुर्बिणीतून बघतो. फेब्रुवारीच्या आसपास जोडी जुळते. घरटं म्हणजे कपारीत काटक्यांचा ढीग आणि त्यात चिंध्या, केस, मेंढीची लोकर. अंडी बहुतेकदा दोन, सहा आठवडे उबवतात, आणि नर-मादी दोघंही पाळीने बसतात. गेल्या खेपेला चिंध्यांत एक भगवी होती आणि एक निळी. मी हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे युती झाली म्हणायची." किल्ल्यांवर जाणाऱ्या पोरांना एक विनंती: फेब्रुवारी ते मे कड्यावर रॅपलिंगचे दोर सोडण्याआधी खालच्या कपारींवर पांढरी विष्ठा दिसते का ते बघा. दिसली तर दुसरा कडा धरा. सह्याद्रीत कड्यांना तोटा नाही.

डेपोचं म्हणाल, तर जुना ढीग चाळून जागा मोकळी करायचं काम सुरू झालंय. चाळणीचं मोठं यंत्र आलंय, माती वेगळी, प्लॅस्टिक वेगळं. मटण दुकानांचा माल वेगळ्या गाडीने बंद प्रकल्पावर न्यायचं ठरतंय. काम चांगलं आहे, आग लागणं बंद होईल, आजूबाजूच्या विहिरींत काळं पाणी उतरायचं थांबेल. मी स्वतः त्याच्या पावत्या फाडतो. पाखरांचं काय, असं मी एका बैठकीत विचारलं तेव्हा सगळे हसले आणि विषय पुढे गेला. आपल्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे, तिथे निरोगी मेलेलं जनावर टाकतात. तसं एखादं लहान कुंपण आमच्या डोंगराखाली, फक्त कत्तलखान्याचा ताजा माल, कुत्र्यांना आत शिरता येणार नाही असं, एवढं करता येईल. अर्ज लिहिलाय. आवक क्रमांक मिळालाय. आमच्या खात्यात आवक क्रमांक ही पहिली पायरी असते, वरच्या पायऱ्या पक्षीतीर्थाहून जास्त.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरी आजी-आजोबांच्या रामेश्वर यात्रेचे फोटो असतील, अल्बममध्ये किंवा भिंतीवर, तर पक्षीतीर्थाचा आहे का बघा. असला तर चोचीचं टोक नीट निरखा. फिकट आहे की काळं? वर्ष मागे लिहिलं असेल तर तेही, आणि दोन पक्षी आहेत की एकच. मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा. काकांच्या फोटोवर पुजाऱ्याचा हात नेमका चोचीवर आलाय, आणि काका फ्रेम उघडू देत नाहीत.